न विचारलेलं नाव

केवळाबाई खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मालकाचं नाव किशनराव."

शाळेच्या एका खोलीत गावातल्या म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची चाचणी चालली होती. दारापाशी उभा असलेला त्यांचा मुलगा पंढरी आईकडे बघतच राहिला. बाकावर बसलेल्या किशनरावांनी तर मान खाली घातली. लग्नकार्यातला एखादा उखाणा सोडला, तर बायकोच्या तोंडून त्यांनी स्वतःचं नाव कधी ऐकलं नव्हतं. मुरुडातल्या कुठल्याच म्हाताऱ्यानं ऐकलं नसेल.

चाचणी घेणाऱ्या डॉ. पंचशीला सोनकांबळे मात्र सावध झाल्या. नवऱ्याचं नाव त्या विचारणारच नव्हत्या. तो प्रश्न त्यांनीच चाचणीतून काढून टाकला होता, आणि त्या कामासाठीच लोक त्यांना ओळखत होते.

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली बाहेरून डॉक्टरांची एक तुकडी गावात आली होती. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला परदेशात बेतलेले प्रश्न त्यांनी जसेच्या तसे आणले. तुमचा जिल्हा कोणता? म्हाताऱ्या म्हणाल्या, उस्मानाबाद. जन्मभर तोच होता, काल-परवा बदललेला इतक्यात कुणाच्या जिभेवर बसणार? नवऱ्याचं नाव काय? म्हाताऱ्या लाजून गप्प. तुकडीनं दोन्हीकडे फुल्या मारल्या. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना विसरण्याचा आजार चिकटवला आणि आली तशी निघून गेली.

पंचशीला मुरुडच्याच बौद्धवाड्यातल्या. मेंदूत आठवण कशी टिकते आणि कशी जाते, हा त्यांचा अभ्यास. त्या पाहणीचे निकाल हाती आले तेव्हा त्यांना आधी हसू आलं, मग संताप आला. आपल्या आजीनंही त्या प्रश्नाला तोंड उघडलं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी इथल्या माणसांसाठी नवी चाचणी बेतली, गावोगाव हिंडून पारखली आणि ठणकावून लिहिलं की गप्प बसणं म्हणजे विसरणं नव्हे. मोठमोठ्यांनी नाकं मुरडली. पंचशीलाबाई हटल्या नाहीत. शेवटी कुठल्या कुठल्या दवाखान्यांतून ते दोन प्रश्न गेले, आणि आज दुष्काळाच्या साली, निम्मं गाव टँकरच्या रांगेत उभं असताना, त्या आपली चाचणी घेऊन आपल्याच गावात बसल्या होत्या.

पण त्याच अभ्यासात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. मेंदू खरोखरच थकू लागला की कधी कधी भीड आणि मर्यादा आधी सुटतात. जन्मभर पदर ढळू न देणारी बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेऊन मोकळी होते. केवळाबाईंनी तर न विचारता घेतलं होतं.

पंढरी पुढं आला आणि दबक्या आवाजात सांगू लागला. आईचं ध्यान गेलंय असं त्या डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलं होतं. तेव्हापासून तिला चुलीपाशी जाऊ देत नाही. पदर पेटला, घर पेटलं म्हणजे? सगळं सिंधु, त्याची बायको, बघते. आईनं नुसतं बसून खायचं. पंढरी काही वाईट मुलगा नव्हता. डॉक्टर म्हणाले तसं त्यानं इमानेइतबारे पाळलं होतं. आता पंचशीलाबाईंनीही तेच सांगितलं, तर त्या माउलीचं उरलेलं आयुष्य ओसरीच्या कोपऱ्यात जाणार होतं.

पंचशीलाबाईंनी मन घट्ट केलं आणि चाचणी सुरू केली. त्यांनी एक गोष्ट सांगितली. चांगुणा टँकरला गेली, रांगेत तिची घागर गळू लागली, शेजारणीनं तिला आपला हंडा दिला, घरी येऊन बघते तर हंड्याच्या बुडाशी चिंचा. मग त्यांनी केवळाबाईंना दुसऱ्या कामांत गुंतवलं. वस्तू ओळखायला लावल्या, बाजाराचे हिशेब घातले, आणि बऱ्याच वेळानं ती गोष्ट परत विचारली. केवळाबाईंनी ती चिंचांसकट सांगितली. वर म्हणाल्या, गळकी घागर घेऊन रांगेला जाणाऱ्या त्या चांगुणाचंच डोकं आधी तपासा.

किशनराव पहिल्यांदा हसले. पंचशीलाबाईंनी तपासायचं काही शिल्लक ठेवलं नाही. कुठंच खोट निघाली नाही.

"पंढरी, तुझ्या आईचं डोकं शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "आजपासून चूल त्यांची."

पंढरीचा चेहरा उजळला, पण पुन्हा गोंधळला. "मग बाई, असं चारचौघांत बाबाचं नाव कसं काय घेतलं तिनं?"

पंचशीलाबाई केवळाबाईंकडे वळल्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि केवळाबाईंचा हात हातात घेतला. तो प्रश्न आता कुणी विचारत नाही, मावशी, तो केव्हाच काढून टाकलाय, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

केवळाबाईंनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं. मग लाजून पदर कपाळावर ओढला.

"तुमी काढला असंल, बाई, पर मला कुणी येऊन सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मागल्या खेपंला लाजले, अन् चूल गेली माझी. म्हनून आज घरून निघतानाच ठरवलं, लाज गेली तर जाऊ दे."