या आठवड्याची चूक

एडवर्ड स्टुलावर बसला आणि त्याने सांगितलं, की या आठवड्यात आपण एका बागेतलं इंजिन दोन दिवस उगाच खोलत बसलो.

दोष इंजिनात नव्हताच. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी केळीच्या खोडाचं सोपट अडकलं होतं. त्यामुळे तिथली झडप मिटत नव्हती आणि पंप पाणी धरत नव्हता. इंजिनाला हात लावण्याआधी विहिरीत डोकावावं, हे आपण शिकलो, असं तो म्हणाला. प्लासिडने ते पाटीवर लिहून सर्वांना दाखवलं. नरहरीने टोमणा मारला, की त्या दोन दिवसांत बागवाल्याचे म्हातारे बैल पुन्हा रहाटाला जुंपले गेले, आधी जाऊन त्यांची माफी मागून ये.

सांडोर गावात प्लासिडच्या ओटीवर दर रविवारी हे तिघे आणि कार्मिन, असे चार मेकॅनिक जमत. वसईच्या बागांत रहाटांच्या जागी ऑइल इंजिनं आली, तेव्हापासून ती चालती ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. प्लासिड वयाने सर्वांत मोठा. बैठक त्याने सुरू केली आणि नियमही त्यानेच घातले. प्रत्येकाने आठवड्यातली एक चूक सांगायची आणि तिच्यातून काय शिकलो तेही सांगायचं. एका वेळी एकानेच बोलायचं. बोलणाऱ्याने स्टुलावर, पश्चिमेच्या उजेडाकडे तोंड करून बसायचं. बोलताना तोंडात विडी नको. मापं आणि आकडे पाटीवर लिहायचे.

हे नियम कार्मिनच्या पथ्यावर पडले होते. कारण कार्मिनला ऐकू येत नव्हतं.

बारा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये इंजिनाशेजारी काढली, त्यात कान गेले. आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग भांडी, मग बायकोचा आवाज. ही गोष्ट ग्रेसीशिवाय, म्हणजे त्याच्या बायकोशिवाय, कुणाला माहीत नव्हती. ओठांवरून शब्द ओळखायला तो शिकला होता. इंजिनाचा दोष तो हाताने ओळखायचा. तेलाच्या नळीवर दोन बोटं ठेवली की प्रत्येक ठोका नाडीसारखा लागे, आणि कुठला ठोका चुकतो ते कळे. याच्या हाताला गुण आहे, असं बागवाले म्हणत. पण बहिऱ्या माणसाच्या हाती इंजिन कोण देणार?

एडवर्डनंतर नरहरी बसला. त्याने पंपात चामड्याचा वायसर कोरडाच घातला होता, तो तासाभरात फाटला. आता तो नवा वायसर रात्रभर खोबरेल तेलात भिजवून ठेवतो. सुभद्रेला वाटलं नवरा तिचं डोक्याला लावायचं तेल चोरतो, म्हणून तिने बाटली कुलपात ठेवली. सगळे हसले. कार्मिन त्यांच्याबरोबरच हसला.

समोरच्या ख्रिस्ती देवळाच्या मनोऱ्यावरून कबुतरं उडाली. म्हणजे संध्याकाळची घंटा झाली होती. कार्मिनने लगेच उठून क्रूसाची खूण केली. त्याच्या पाठोपाठ प्लासिड आणि एडवर्ड उठले. नरहरीने टोपी काढली. आज सर्वांत आधी घंटा आपण ओळखली, याचं कार्मिनला मनातून बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

मग प्लासिडने सोसायटीची गोष्ट काढली. बागायतदारांच्या सोसायटीने बारा इंजिनं घेतली होती. त्यांच्यासाठी कायमचा मेकॅनिक हवा होता, आणि या चौघांनी एक नाव सुचवावं असं चेअरमननी कळवलं होतं. उद्या उत्तर द्यायचं होतं. प्लासिडने पाटीवर नाव लिहिलं आणि पाटी फिरवली. कार्मिन.

एडवर्डने मान डोलावली. नरहरी म्हणाला, नोकरी लागल्यावर आम्हाला ओळख दाखव म्हणजे झालं.

कार्मिनची पाळी राहिली होती. तो उठून स्टुलावर बसला.

मंगळवारपासून त्याला झोप नव्हती. माणिकपूरच्या एका बागेत गड्याचं धोतर पंपाच्या पट्ट्यात अडकलं होतं. गडी ओरडत होता. कार्मिन चार हातांवर पाठ करून पाना शोधत होता. समोरून भाजी खुडणारी बाई टोपली टाकून धावत सुटली, ती दिसली म्हणून तो वळला आणि त्याने इंजिन बंद केलं. गड्याला नुसतं खरचटलं. त्याने तर कार्मिनचे पाय धरले. घरी आल्यावर हे ऐकून ग्रेसी म्हणाली होती, रविवारी सांगून टाका. सोसायटीच्या शेडमध्ये बारा पट्टे असतील आणि बाई दर वेळी समोर नसेल.

सांगितलं तर नोकरी जाणार होती. उद्यापर्यंत गावभर झालं की हातातल्या बागाही जाणार होत्या. तरी हे इथे सांगायचं नाही, तर चूक म्हणून दुसरं काय सांगायचं?

मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. त्याने मान खाली घातली. हनुवटी छातीला टेकली.

"मंगळवारी एक माणूस माझ्यामुळे मेला असता," तो म्हणाला. "तो ओरडत होता. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुम्हा सर्वांना मी फसवलं. माझं नाव पुसा."

तो थांबला. मान वर करायचा धीर होईना. शेवटी त्याने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

दारात प्लासिडची बायको लुईझा चहाचे कप घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

तिघेजण मात्र होते तसेच बसले होते. एडवर्ड किंचित पुढे झुकला होता. नरहरीने टोपी गुडघ्यावर ठेवली होती. तिघेही त्याच्याकडे शांतपणे, वाट पाहत असल्यासारखे बघत होते.

"मान वर करून पुन्हा सांग, कार्मिन," प्लासिड म्हणाला. "ओठ दिसले नाहीत, तर आम्हा तिघांना कळायचं कसं?"