सकाळची सूज

दादाच्या गालावरची सूज संध्याकाळी उतरे आणि सकाळी पुन्हा चढलेली असे.

अक्कलदाढ काढून आठवडा होत आला होता. उद्यापर्यंत फरक पडला नाही, तर हिरडी पुन्हा उघडावी लागेल, असे दंतवैद्यांनी बजावले होते. धाकट्या बहिणीची सारी नोकरी औषधे तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेलेली. ‘होतं एखाद्याला असं’ हे तिच्या लेखी कारण नव्हते.

“सुरुवातीला बर्फ लावलास?”

“लावला.”

“मिठाच्या पाण्याच्या गुळण्या? गोळ्या?”

“अगं छोटे, अक्कल काढलीय माझी, स्मरणशक्ती नाही.” तो अर्ध्याच तोंडाने हसला.

तिने गोळ्यांची पाकिटे पडताळली. ताप नव्हता, जखमेत पू नव्हता. दिवसा ओसरून रात्रीत वाढणारी सूज आडवे होण्याशी बांधलेली असणार, इतके उघड होते.

“डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलं होतं. दोन उशा घेतोस ना?”

“घेतो की,” तो वाटीतल्या पातळ खिमटीत चमचा फिरवत म्हणाला. वर पाहिले नाही.

ती उठून झोपायच्या खोलीत गेली. पलंगाच्या एका कडेला उशी होती, चेपून चपटी झालेली. दुसऱ्या कडेला दुसरी. चादर नुकती धुतलेली, या दुसऱ्या उशीचा अभ्रा मात्र पिवळट पडलेला. जुन्या कापसात मधोमध एक उथळ खळगा होता आणि शिवणीत केसांची एक पिन अडकून राहिली होती.

तिने हात पुढे केला.

“ती नको.” दादा दारात उभा होता.

“अरे, वहिनीला जाऊन वर्ष होऊन गेलं. आणि तू इकडे सुजतोयस.”

“तो खळगा तिचा आहे.” सुजलेल्या गालामुळे शब्द जड येत होते. “मी एकदा डोकं टेकलं, की माझा होईल.”

बहिणीने हात मागे घेतला. चादरीला नसलेली सुरकुती तिने काढली. मग बाहेर येऊन दंतवैद्यांना फोन लावला.

“डॉक्टर, उद्या हिरडी उघडू नका. कारण सापडलं,” ती म्हणाली. “हा सपाट झोपतो. घरात उशी एकच आहे.”