पायाची नाडी

डॉक्टर मार्तंडरावांनी सोलापूरची फाईल दुसऱ्यांदा वाचली. कळायचं ते पहिल्याच वाचनात कळलं होतं. दुसऱ्यांदा वाचली ती मान वर करावी लागू नये म्हणून.

समोर महादेवी बसली होती, शेजारी तिचा नवरा गुंडाप्पा. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमानीसारखी वळून खाली उतरते, तिथंच ती महादेवीला जन्मापासून अरुंद होती. वरच्या अंगात रक्ताचा दाब मावत नव्हता आणि पायांपर्यंत पोचत नव्हता. सोलापूरला जांघेतून तार घालून तिथं जाळी बसवली होती. आता तिला चौतिसावं चाललं होतं. त्यातली नऊ वर्षं ती उमरग्याच्या याच दवाखान्यात, याच खुर्चीत बसून दंडाला पट्टा बांधून घेत होती.

"तितल्या डॉक्टर मॅडमनं आधी पायालाच हात लावला," गुंडाप्पा कौतुकानं सांगत होता. "नाडी लागंना म्हणल्या. मग पायाला पट्टा बांधला. दंडात एकशे नव्वद अन् पायात शंभर. तितंच समजलं त्यास्नी."

मार्तंडरावांनी मान हलवली. पायाची नाडी बघायला मशीन लागत नाही, दोन बोटं लागतात. एकदा त्यांनी हात पुढं केलाही होता. महादेवीनं झटकन पाय साडीत ओढून घेतले होते. "तुमी थोरले. पायाला हात नका लावू, पाप लागंल मला." बाहेर चाळीस पेशंट ताटकळत होते. तिचा संकोच डॉक्टरांच्या पथ्यावरच पडला.

एवढ्यावर भागलं असतं तर चूक म्हणून पचवता आलं असतं. पण दाब उतरेना, तेव्हा त्यांनी खापर तिच्यावर फोडलं. "गोळ्या चुकवतेस तू," असं गुंडाप्पाच्या देखत म्हणाले. तेव्हापासून सासू चन्नम्मा रोज सकाळी तिला समोर उभी करून गोळी गिळायला लावायची आणि तोंड उघडून दाखवायला सांगायची. हे गुंडाप्पानंच हसत हसत सांगितलं होतं, आणि डॉक्टर "शाब्बास" म्हणाले होते. सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं, तेव्हाही घरात एकच निकाल लागला: गोळी चुकवली असणार.

मार्तंडरावांना स्वतःची लाज वाटली.

"तुमच्या हाताला गुण हाय साहेब," गुंडाप्पा म्हणाला. "तुमी चिठ्ठी दिली म्हणून तर आमी सोलापूरला गेलो."

ती चिठ्ठी फाईलच्या पहिल्याच पानाला टाचलेली होती. त्यांनीच इंग्रजीत लिहिलं होतं की पेशंट गोळ्या नियमित घेत नाही. हे या दोघांना कुठून कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसले असते तर दोघं पाया पडून गेली असती.

"गुंडाप्पा," ते म्हणाले, "हिनं गोळ्या चुकवल्या नव्हत्या. चूक माझी झाली. पायाची नाडी मी नऊ वर्षांत एकदाही बघितली नाही. बघितली असती, तर ते मूलही कदाचित वाचलं असतं."

गुंडाप्पानं बायकोकडं बघितलं, मग खाली फरशीकडं.

ती रडेल, नाहीतर शिव्या देईल, असं डॉक्टरांना वाटलं. तेवढा तिचा हक्क होता. तिनं फाईल स्वतःकडं ओढली, चिठ्ठी टाचणीतून सोडवली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

"यात काय लिवलंय ते मॅडमनं वाचून दावलं मला," ती म्हणाली. "ह्ये माघारी घ्या. अन् आता जे बोलला, ते मराठीत लिहून द्या. तारीख घाला, सही करा, शिक्का मारा."

डॉक्टरांनी पॅड पुढं घेतलं. "सासूबाईंना दाखवायचंय?"

"न्हाय. मलाच पायजे. चुकली आसंल एखादी गोळी, आसं आताशा माझं मलाच वाटाया लागलं हुतं."