किल्लीची अट

पंचावन्नाव्या वर्षी मालूला गाडी शिकायची होती. उरणला माहेरी जायचं म्हटलं की दर वेळी मुलाची, निकेशची, मनधरणी करावी लागे. आईला पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये सोडायच्या कल्पनेने निकेशला घाम फुटला, म्हणून त्याने पळवाट काढली. शाळेत असताना घेतलेला रेसिंगचा व्हिडिओ गेम माळ्यावरून काढून टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "यात एकदा पहिली ये, मग गाडीची किल्ली तुझी."

गेम जुना असला तरी झकास होता. गाडी सुसाट पळायची, बोटाच्या इशाऱ्यावर वळायची. पण शेवटच्या बोगद्याबाहेरच्या वळणावर कठड्याला नुसती घासली, तरी गरगरत सगळ्यांच्या मागे जाऊन पडायची.

"हॉर्न पन नाय याला! कुनी बनवला हा?" असं म्हणत मालू रिमोट आदळायची आणि सुकट निवडायला बसायची. सुकट निवडून झाली की पुन्हा रिमोट हातात.

रविवारी निकेशच्या डोळ्यांदेखत तिने ते वळण अलगद घेतलं आणि ती पहिली आली. पडद्यावर फटाके फुटत असतानाच तिने हात पुढे केला. "आन किल्ली."

निकेशने किल्ली तिच्या तळहातावर टेकवली, पण सोडली नाही.



"आये, आधी त्या वळणावर ब्रेक कधी मारतेस ते सांग. शाळेपासून मी तिथंच आपटतोय."