तीच पिपेट

मॅडमनी पेशी वाढवायच्या इनक्युबेटरचं दार उघडलं. एम.एस्सी.च्या मुलांचे सगळेच्या सगळे फ्लास्क नासले होते. कालपर्यंत गुलाबी असलेलं पाणी आज पिवळं, गढूळ. आतल्या पेशी मेलेल्या. एवढ्या महिन्यांची मेहनत मातीत गेली.

"पेशींच्या खाद्याची बाटली तुम्हा सगळ्यांत एकच," मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी वापरलेली पिपेट पुन्हा त्यात बुडवली आणि जंतू सगळीकडे गेले. कोण?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या धांदल्याकडे. वळणारच की! भांडी फोडणारा तोच, फ्लास्कवर नाव घालायला विसरणारा तोच. टापटीपकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिला हे नाव वर्गानंच दिलेलं. तिच्या हातून असलं काही होईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

झालं होतं मात्र तिच्याच हातून. परवा घरी जायची घाई होती, पिपेटचं टोक तिच्या फ्लास्कच्या तोंडाला लागलं आणि नवी आणायला उठायचा कंटाळा आला. एवढ्याशानं काय होतंय, म्हणून बाईसाहेबांनी तीच पुन्हा बाटलीत बुडवली.

"बोल की आता," मॅडम धांदल्यावर खेकसल्या.

त्यानं डोकं खाजवलं. "आठवत नाही, मॅडम. पण... माझ्याकडूनच झालं असेल."

"असेल काय, असेल! मागच्याच वेळी बजावलं होतं तुला. उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तुझा प्रबंध आता पुढच्या वर्षी."

गेलं पोराचं वर्ष. सांग, आत्ताच्या आत्ता सांग, असं टापटीप स्वतःला बजावत राहिली. तोवर मॅडम तरातरा निघून गेल्या, बाकीचेही कुरकुरत पांगले. ती तिथंच उभी. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की इनक्युबेटरच्या काचेत दिसणारं आपलंच तोंड तिला बघवेना.

धांदल्या नासके फ्लास्क ब्लीचमध्ये रिकामे करत होता. त्यात तिचेही होते. काम उरकून, हात धुऊन तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल झाले होते.

"माझं जाऊ दे गं. पण तुझं किती छान चाललं होतं! ह्याच पेशी मी मागे थोड्या गोठवून ठेवल्यात, त्या तू घे. मला आता काय करायच्यात? आणि... सॉरी. माझ्या वेंधळेपणापायी तुझं नुकसान झालं. माफ करशील ना?"

आता तरी बोलायलाच हवं होतं. तिनं तोंड उघडलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी."

त्याचा चेहरा एकदम सैलावला.

"मोठ्या मनाची आहेस बघ तू," तो म्हणाला.