पुराव्याची बादली

“त्या बादलीला कुणीही हात लावायचा नाही,” नीलम सिस्टरने बजावले. “शिरूरच्या प्रयोगशाळेतून फोन येईपर्यंत ती पुरावा आहे.”

दौंडच्या त्या खासगी रुग्णालयात गेले तीन दिवस नीलमच्या पायांना उसंत नव्हती. महिन्याभरात अतिदक्षता विभागातल्या चार रुग्णांच्या लघवीच्या नळीत एकाच जातीचे जंतू सापडले होते. हे जंतू नळीला आतून चिकट थर धरतात आणि त्या थराआड असे दडून बसतात, की जहाल औषधही वरूनच वाहून जाते. त्या चौघांपैकी खुटबावच्या आण्णांची नळी दोनदा बदलली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी ताप हजर. म्हणजेच जंतू नव्या नळीपर्यंत कुणीतरी पोचवत होते.

कोण, याविषयी नीलमला तिळमात्र शंका नव्हती. आणि डॉक्टर विश्वजीत यांनी स्पष्ट सांगितले होते, की ज्याच्या कामात दोष निघेल तो त्याच दिवशी घरी जाईल. सफाईच्या मालनबाईंची बारा वर्षांची नोकरी त्या एका फोनला टांगली होती.

“शिस्टर, त्या बादलीत मी रोज उकळतं पाणी वतते आन् उन्हात पालथी घालते,” मालनबाई म्हणाल्या. “तिच्यात जंतू कुठनं यायचं?”

“मावशी, उन्हाने काम भागलं असतं, तर औषधं कशाला लागली असती?”

“मंग मला बी न्या उन्हात,” आण्णा पडल्या पडल्या म्हणाले. “एकडाव पालथं घालून बघा.”

नीलम हसली. तिची तपासणी चोख होती. सोमवारी तिने बादली, फडके, पलंगांचे कठडे, नळ, दाराच्या कड्या अशा वीस ठिकाणी कापसाच्या काड्या फिरवल्या. हातमोज्यांपेक्षा धुतलेल्या हातांवर तिचा विश्वास अधिक. तिच्या टेबलावरच्या साबणाच्या बाटलीपाशी थांबल्याविना ती डॉक्टरांनाही आत सोडत नसे. दोन वर्षांत ती बाटली तिने कधी रिकामी पडू दिली नव्हती, त्यामुळे ती धुवायची वेळही आली नव्हती. तळाला आली, की घरच्यासारखे थोडे पाणी घालून खळबळायची आणि वर डब्यातला साबण ओतायचा. थेंब वाया जात नसे. स्वच्छ कशाला म्हणतात ते मावशींनाही कळावे, म्हणून एकविसावी काडी तिने नुकत्याच धुतलेल्या स्वतःच्या तळव्यावरून फिरवली होती. प्रत्येक काडीला चिठ्ठी लावून तिने त्या शिरूरला धाडल्या होत्या.

सव्वाअकराला फोन वाजला. प्रयोगशाळेतल्या रविराजचा आवाज आनंदाने फुटत होता.

“ताई, सापडलं! आण्णांच्या नळीतलेच जंतू. तीच जात, औषधांना तसेच निगरगट्ट. तुमच्या एकाच काडीच्या थाळीत जंतूंचं नुस्तं रान माजलंय, बाकीच्या वीस कोऱ्या!”

“थांब, नंबर सांगू नकोस! डॉक्टरांना येऊ दे.”

तिने फोनचा स्पीकर लावला आणि डॉक्टरांना बोलावणे धाडले. मालनबाईंनी पदर तोंडाशी नेला. आण्णांची लघवीची पिशवी काठोकाठ भरली होती. रिकामे बसणे नीलमच्या स्वभावात नव्हते. तिने सवयीने बाटली दोनदा दाबली, हात खसाखसा चोळून धुतले आणि नळीचा सांधा सोडवून नवी पिशवी जोडली.

“आण्णा, आता तुम्ही खुटबावला गेलाच म्हणून समजा.”

“तुझ्या हाताला यश हाय, पोरी.”

डॉक्टर आत आले. एकवार बादलीकडे आणि एकवार मालनबाईंकडे पाहून त्यांनी मान हलवली.

“हं, सांग आता,” नीलम फोनकडे वळून म्हणाली. “पहिलीच ना? बादलीची?”

“बादली कोरी हाय, ताई. फडकं बी.” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “ही एकविसावी. चिठ्ठीवर तुमचंच अक्षर हाय की: ‘नीलम, हात धुतल्यानंतर.’”