सहा खाटा

वॉकर धरून आई दारापर्यंत गेली, परत आली आणि खाटेच्या कडेवर टेकल्या टेकल्या तिने अख्ख्या वॉर्डाला नापास केलं.

"चादरीचे कोपरे बघ. ही घडी म्हणायची? माझ्या हाताखालच्या पोरीने असं केलं असतं, तर ओळीतल्या सगळ्या खाटा पुन्हा लावायला लावल्या असत्या मी."

"आई, इथे तू पेशंट आहेस."

"मग पेशंटलाच कळणार ना, कुठे टोचतंय ते."

लेकीला हसू आलं. जेवणाच्या सुट्टीत ती वर आली होती, फाईल हातात तशीच. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला पाच दिवस झाले होते आणि उद्या सकाळी घरी सोडणार होते. एवढ्या दिवसांत आईने मजल्यावरच्या निम्म्या सिस्टरांना सलाईनची पट्टी कशी चिकटवायची ते शिकवलं होतं. त्यांनी तिचं नाव मेट्रनबाई ठेवलं होतं. खरं तर मेट्रन ती कधीच झाली नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, दोनदा बढती चालून आली, दोनदा तिने परत पाठवली. लेक मात्र सात वर्षांतच वॉर्ड सोडून तळमजल्यावर प्रशासनात जाऊन बसली. दारावर पाटी, आत गार हवा.

आईने तिच्या हातातली फाईल ओढली, चष्मा चढवला.

"हे काय? एका सिस्टरला सहाच खाटा?"

"पुढच्या महिन्यापासून. तीन वर्षं भांडतेय त्यासाठी."

"मी एकटीने तीस सांभाळल्यात."

"माहीत आहे."

"सहा म्हणजे नुसते लाड. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय, सहाही सारख्या नि साठही सारख्या."

 आईचं हे बोलणं नऊ वर्षं जुनं होतं, उंट तेवढा आज नवा. आईने फाईल मिटून मांडीवर ठेवली आणि चष्मा काढला. आवाज जरा खाली आला.

"एक विचारू? चिडू नकोस. तुझा हात चांगला होता गं. डॉक्टरांना सापडत नव्हती ती म्हाताऱ्यांची शीर तुला सापडायची. मी चार जणींना सांगत फिरायचे. मग वॉर्ड का सोडलास?"

"बढती मिळत होती, आई."

"बढती मलाही मिळत होती."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी बेल दाबली, पावलं धावत गेली. तिने आईच्या मांडीवरची फाईल उचलली.

"मीटिंग आहे मला. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी शेजारच्या काकू भेटायला आल्या होत्या. घरी न्हाणीत धरायला दांडी कुठे बसवायची, यावर दोघींचं एकमत होईना. लेक निघाली तेव्हा आई म्हणाली, "आता उद्या घरीच बोलू. निवांत."

सकाळी सहाला दहा कमी असताना फोन आला. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली होती. डॉक्टरांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केले होते. ती पोचली तेव्हा नळ्या काढून झाल्या होत्या आणि खोली अगदी शांत होती.

एक तरुण सिस्टर ट्रॉली घेऊन आली. पाण्याचं भांडं, टॉवेल, धुतलेली चादर.

"मॅडम, तुम्ही बाहेर बसा. आम्ही करतो सगळं."

"पाणी कोमट आहे?"

"हो, मॅडम."

"मग मी करते. तू फक्त धरू लाग."

तिने घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या. हात विसरले असतील अशी धाकधूक होती, पण ते विसरले नव्हते.

आईच्या हाताखाली तयार झालेल्या पोरींना एक खोड असायची. काय करतोय ते पेशंटला सांगत राहायचं, त्याला ऐकू येवो न येवो. श्वास थांबल्यावरसुद्धा.

"तोंड पुसते हं, आई," ती म्हणाली. "आता मान. आता उजवा हात."

हात पुसून झाला. तिने तो खाली ठेवला नाही. तशाच, त्याच आवाजात ती बोलत राहिली.

"आई, अकरा नंबरला एक आजोबा होते. त्या दिवशी माझ्याकडे एकटीकडे बावीस खाटा होत्या. त्यांनी दोनदा हाक मारली. मी 'आले, आले' म्हणत राहिले. पोचले तेव्हा ते गेले होते. मला कुणी काही बोललं नाही. कागदावर सगळं बरोबर होतं. पण नंतर कुणी हाक मारली की माझा पायच उचलायचा नाही. बढती त्यानंतर आली, आई. मी आधीच पळाले होते. तुला सांगितलं नाही, कारण तू तीस सांभाळायचीस."

तरुण सिस्टर टॉवेल धरून उभी होती. तिने मान वर केली नाही.

"आता तुला डाव्या कुशीवर घेते हं," ती म्हणाली. "सावकाश. ऑपरेशनची बाजू वरच ठेवते."